फुलाशिवायची फुगडी

शनिवारी सूर्य बुडायच्या आत फुगडीच्या अकराही बायका जंगलातल्या अणशी गावच्या देवळासमोर जमल्या. जेवण जिनं तिनं आपापल्या घरून आणायचं ठरलं होतं. कुणी काय आणायचं, ते ठरवायचं राहून गेलं होतं. झाकणं काढली, तर सहा घरांतून कंदांचीच भाजी.

"आज कंदांची जत्रा हाय काय?" केशर म्हणाली.

"तुझ्या पातेल्यात काय हाय गे?" सुनयनानं विचारलं.

"कंदच. पण माझा खाजत न्हाई."

फुला हसली. हे निरोपाचं जेवण तिच्यासाठीच होतं. सोमवारी तिचं बिऱ्हाड जंगलातून उठून रामनगरजवळ, मुलानं घेतलेल्या जागेत जाणार होतं. चौदा वर्षं गाणं तीच उचलायची, बाकीच्या मागून धरायच्या. एका चतुर्थीला ती तापानं पडली, तर गावात फुगडीच झाली नाही. गाणी सगळ्यांना पाठ होती. सुरुवात करायला कुणी धजत नव्हतं. आपल्यामागं हे बंद पडणार, हेच तिला बांधाबांध करताना टोचत होतं.

निघणारीनं आधी जेवायचं, म्हणून तिच्यापुढं पान वाढलं.

"एक फुगडी घाल फुलाक्का, मग जेव," सुनयना म्हणाली.

"घाला की तुम्ही. मला बसून बघू दे एकदा."

दहाजणींनी फेर धरला. कुणीच तोंड उघडेना. फुलानं मान खाली घातली.

"म्हणा की कोणतरी. का नुसतं उभंच ऱ्हायचं?" केशर पुटपुटली.

शेवटी सुनयनानं गाणं उचललं, आणि पहिल्याच शब्दाला फुलाला कळलं, सूर फार वर लागलाय. फुगडीत पाय वेग घेतात तसा दम कमी पडतो. गाणं खालूनच उचलावं लागतं. तिच्या जिभेवर 'थांबा' आलं. तिनं ते गिळलं. तिसऱ्या कडव्याला आवाज फाटले, फेर मोडला.

"आभाळात न्हेलंस की गे," केशर धापा टाकत म्हणाली. सगळ्या हसल्या. सुनयनाचं तोंड उतरलं.

"मला जमायचं न्हाई. फुलाक्का, तूच उचल."

दहाही जणी फुलाकडं बघू लागल्या. तिनं एक ओळ म्हटली असती, तर सगळं जागेवर आलं असतं. सोमवारनंतर मात्र त्या अशाच उभ्या राहिल्या असत्या. तिनं भात-भाजीचा मुठीएवढा घास तोंडात कोंबला, फुगलेल्या गालाकडं बोट दाखवलं आणि मान हलवली.

"हिचं बघा," केशर म्हणाली. "जाताना तरी सावकाश खावं."

सुनयनानं घसा खाकरला. या खेपेला सूर खाली आला. तरी फुलाच्या सुरापेक्षा थोडा वरच होता. तिसरं कडवं गेलं. चौथ्याला केशर घाईनं पुढं सुटली, तेव्हा सुनयनानं डोळे वटारून तिला मागं ओढलं.

फुलाचा घास संपला होता. तिनं लगेच दुसरा घेतला.