मच्छिंद्रने मशीन चालू केलं नाही

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पिकातलं तण काढणारं, बॅटरीवर चालणारं कोळपणी यंत्र तयार होत होतं. प्रकल्पप्रमुख कल्याण पठारेला ते दिवाळीआधी बाजारात हवं होतं. यंत्राचा एक भाग बदलला की दुसऱ्या कुठल्या भागावर परिणाम होतो, ते पाहून सगळ्यांना कळवायचं काम यशोधरा साळवेचं. कल्याण तिला चारचौघांत ‘ब्रेक मॅडम’ म्हणायचा.

ऑगस्टमध्ये त्याने जास्त व्होल्टेजची बॅटरी बसवली. कर्जतजवळच्या शेतात चाचणी होती. फिटर मच्छिंद्रने बंद करायचं लाल बटण दाबलं, पण मोटार थांबली नाही. बटण जुन्या, कमी व्होल्टेजच्या बॅटरीसाठीचंच होतं, आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटले. यंत्र त्याच्या अंगावर आलं. बुटासकट पायाची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कल्याणने विचारलं, “तुला हे माहीत नव्हतं?”

“होतं. लिहून दिलंय. पान एकसष्ट.”

“नव्वद पानं. इथे रोज डिझाइन बदलतंय आणि तू पोथी लिहितेस. वाचायची कुणी, मच्छिंद्रने?”

फाइल त्याच्या तोंडावर फेकावी असं तिला वाटलं. तो खरं बोलत होता, म्हणून जास्तच.

त्या आठवड्यात तिने एकच कागद तयार केला, तीन रकान्यांचा, बदल करणाऱ्याने भरायचा. आज काय बदललं, कशावर परिणाम होतो, कुणी तपासलं. यंत्राशेजारच्या खांबावर चिकटवला. कल्याणने फाडला. तिने दुसरा लावला, तोही फाडला. ती रोज सकाळी नवा लावत राहिली.

ऑक्टोबरात मच्छिंद्र लंगडत कामावर आला.

“चालू कर,” कल्याण म्हणाला.

मच्छिंद्रने खांबाकडे पाहिलं. “कागद कोरा हाय, साहेब.”

“मी सांगतोय ना.”

“मागंबी तुमीच सांगितलं हुतं.”

बाकीचे दोन फिटरही मागे सरकले. कल्याणने पेन घेऊन लिहिलं, ‘मोटारीचा कंट्रोलर बदलला.’ दुसऱ्या रकान्यात, ‘लाल बटण.’ तिसऱ्या रकान्यापाशी तो थांबला. नव्या कंट्रोलरवर लाल बटण कुणीच दाबून पाहिलं नव्हतं.

“हिच्या नादानं दिवाळी जाणार,” तो म्हणाला.

“जाऊ दे,” म्हणत यशोधराने बटण तपासायला मीटर उचलला.

दिवाळी गेलीच. यंत्र डिसेंबरात निघालं आणि बटण दाबल्यावर थांबलं. वर्षाच्या अहवालात कल्याणने तिच्याबद्दल लिहिलं, ‘कामाचा वेग कमी.’ तिने त्याखाली सही करायला नकार दिला. दोघांची टेबलं अजून समोरासमोरच आहेत.