चौथ्या देशातली भाजी

लेकीकडं पुण्याले आली अन् तीन दिवसांत तीन देश फिरून झाले. सोमवारी जपानी हॉटेल, मंगळवारी कोरियन, काल व्हिएतनामी. धानोऱ्याहून आणलेले वास्ते, म्हणजे बांबूचे सुकवलेले कोंब, तसेच पिशवीत पडून आहेत. खुशबू शिजवूच देत नाई. म्हणते, फ्लॅटभर वास सुटतो.

आज थाई. तिनं मोबाईलवर फोटो पाहून एक भाजी मागवली. नारळाच्या रश्श्यात पिवळे काप होते. मी एक तोंडात टाकला अन् चावता चावता थांबली.

"काय झालं आई? आवडलं नाही?"

"वास्तेच होत हे. नीट भिजवले नाईत, कडू लागून राह्यले."

"हळू बोल ना. हे बांबू शूट आहे. इथली स्पेशल डिश आहे."

शाळेत असताना हीच पोरगी वास्त्याचा डबा उघडायलेही लाजे. रोज भरलेलाच परत आणे. आज तिनं वाटी पुसून खाल्ली अन् दुसरी मागवली.

घरी आल्याबरोबर मी तिले न विचारता वास्ते भिजत घातले. उद्या वासाचं काही बोललीच, तर सांगीन, थाई आहे.