कडक जोडी

मिस्त्रींच्या बाकावर शर्यतीच्या गाडीच्या मागच्या चाकांचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या दोन जोड्या पडल्या होत्या, एक मऊ आणि एक कडक, आणि मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता. लेकीने बजावून ठेवलं होतं, "बाबा, मऊच लावा. सुटताना गाडीचं बूड बसलं की टायर जमीन धरतो." लेकीला सगळे भिंगरी म्हणत. सरळ पट्टीवर दोन गाड्यांची शर्यत लागली आणि तिने गाडी पळवली की हे नाव का पडलं ते कळायचं.

पण मागच्या शर्यतीत सुटताना पुढची चाकं इतकी वर गेली होती, की मिस्त्रींना गाडीचं पोट दिसलं. गाड्यांची पोटं बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता, पण आत लेक बसलेली असताना नाही. तेव्हापासून ते एकच हिशेब मांडत होते: मऊ जोडीने बूड बसणार, बूड बसलं की नाक पुन्हा वर जाणार. त्यांनी गुपचूप कडक जोडी चढवली. बापाचं काळीज, दुसरं काय! अक्कल तेवढी गहाण पडली.

सरावाच्या फेरीला हिरवा दिवा लागला. नाक जागचं हललं नाही. मिस्त्री सुस्कारा सोडणार, तोच मागची चाकं थाडथाड उड्या मारू लागली. टायरला पकडच मिळेना. गाडीचं बूड आडवं फिरलं आणि गाडी थेट कडेच्या भिंतीकडे निघाली. भिंगरीने कशीबशी गाडी आवरली, तेव्हा भिंत हातभर लांब होती.

ती गाडी परत घेऊन आली, उतरली आणि चाकामागे वाकली. शॉकअप ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"घाबरून लावलेत ना?"

"हो गं. तुला काही झालं असतं तर?"

"आत्ता झालंच असतं, बाबा."

एवढं म्हणून ती टायर तपासू लागली. तिने चांगलं फैलावर घेतलं असतं तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

"माझ्या हातांचा भरवसा नाही आता," ते म्हणाले. "शेजारच्या मिस्त्रीला बोलावतो. तो लावेल मऊ जोडी."

"नको, तुम्हीच लावा. दुसऱ्या कुणी नट आवळलेल्या गाडीत मी बसणार नाही."

मिस्त्री गाडीखाली सरकले. भीती होती तिथेच होती, तरी त्यांनी मऊ जोडी चढवली, एकेक नट आवळला, पुन्हा आवळून पाहिला. मग बाहेर येऊन म्हणाले, "झालं."

भिंगरी काही न विचारता गाडीत जाऊन बसली.