यमूच्या कागदावरची एक ओळ

सदर भागातल्या लहानशा कार्यालयात भैरवीने आम्हा दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला. ती प्रताप नगरातल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. लोकांच्या पैशांची आखणी करून देते. आमची मोठी मुदत ठेव पुढच्या आठवड्यात संपत होती. ते पैसे आता कुठे ठेवायचे, हे विचारायला आम्ही आलो होतो.

"आधी पैसे कशासाठी हवेत ते लिहा," ती म्हणाली. "दोघांनी वेगवेगळं. आणि काका, काकूंच्या कागदात डोकवायचं नाही."

"हे काय डोकावतात वं," माझी बायको यमू म्हणाली. "पाहायला आले तेव्हा माझं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं यांनी."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढली. दुसऱ्याला हवं ते पुस्तक मी चटकन काढून देत असे. मला काय हवं असं कोणी विचारलं की मात्र गडबडतो. म्हणून मजकूर घरूनच ठरवून आणला होता. माझ्यामागे यमूने बंगळुरूला पुष्करकडे जावं, पण मुलापुढे हात पसरावा लागू नये, एवढे पैसे तिला दरमहा मिळत राहावेत. वाक्य फार लांब झालं. दोन करावीत का, या विचारात होतो, तोवर यमूने पेन खाली ठेवलंही.

इतक्यात? जेमतेम एक ओळ असेल. काय असेल? काशीयात्रा? पण तिला गर्दी सोसत नाही. पाटल्या? असलेल्याही ती घालत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मला एकही खात्रीचा अंदाज करता येईना, याचं नवल वाटलं आणि थोडी लाजही.

भैरवीने दोन्ही कागद वाचले. "हे घरी बोललात का तुम्ही?"

"यात बोलायचं काय?" मी म्हणालो.

तिने यमूचा कागद माझ्याकडे सरकवला. 'हे गेले तरी मी प्रताप नगरातच राहीन.'

मी दोनदा वाचलं. "पण काहून? पुष्कर एवढ्या मायेनं बोलावतो."

"बोलावते ना. चार दिवस छानही वाटते. पण तिथं खिडकीतून पाहिलं तर सतरा मजले खाली. मले खाली उतरून कोणाशी तरी भांडता आलं पाहिजे."

"माझ्याशी भांडतेसच की."

"तुम्ही कुठं राहणार तेव्हा? म्हणूनच भाजीवाला पाहिजे."

भैरवी हसली, मग गंभीर झाली. इथे एकटीने राहायचं तर सोबतीला बाई, दवाखाना, घराची डागडुजी, सगळ्याची वेगळी तजवीज लागेल. तेवढ्या पैशांत दोन्ही होणार नव्हतं. काय ते एक ठरवायचं होतं.

मला भीतीच वाटली. "रात्री बरं नसलं तर?"

"जिजाबाईले मागची खोली देऊ. धुण्याभांड्याले येतेच ती. बोलली मी तिच्याशी."

"कधी?"

"तुमचं हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा. तुम्ही आत, मी बाहेर बसून राहिली होती, ती सोबतीला. सहा तास काय करणार? वाचाले पुस्तकही नव्हतं."

त्याला चार वर्षं झाली. घरी आल्यावर मी तिला कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. त्या सहा तासांत तिच्या मनात काय चाललं होतं, हे विचारलंच नव्हतं. आणखी काय काय विचारायचं राहिलं असेल?

मी माझ्या वाक्यावर रेघ मारली. "हिचंच धर," मी भैरवीला म्हणालो.

भैरवीने ते टिपून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाली, "आणि काका, काकू आधी गेल्या तर?"

हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. ग्रंथालयात इतकी मरणं वाचली, पण माझ्या हिशेबी आमच्या घरात आधी जाणारा मीच.

"सांगा ना," यमू खुर्ची वळवून म्हणाली. "मलेही ऐकायचं आहे."

"मलाही इथेच राहायचं आहे," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न आपसूक आला. "यमू, डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या घ्यायच्या असतात गं?"

"आधी डाळ धुवायची असते," ती म्हणाली.