कात्रीमामा

दुकानाचा परवाना पुन्हा करून हवा असेल तर सहा वर्ग सक्तीचे, असं कचेरीने कळवलं, म्हणून आमची गल्ली त्या हॉलमध्ये जाऊन बसली. नाहीतर 'शेजार समजून घेऊया' असल्या नावाच्या वर्गाला आमच्यातलं कुत्रंही फिरकलं नसतं. मी शिंपी. बायकोही सोबत, कारण दुकान तिच्या नावावर.

समोरच्या खुर्च्यांवर पुलापलीकडचे. ते चोर, घाणेरडे, पोरं पळवणारे, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते दुधातूनच आलं होतं. त्याच्या उलटं शिकवायचं तर मात्र फळा लागतो, रंगीत कागद लागतात आणि गळ्यात ओळखपत्र घातलेल्या पंचविशीतल्या बाई लागतात.

चौथ्या वर्गाला बाईंनी खेळ काढला. हॉलच्या कोपऱ्यात सामानाची खोली होती. पुलापलीकडच्याने आत जाऊन दार लावायचं, तो घरमालक. गल्लीतल्याने बाहेरून दार वाजवायचं, आसरा मागायचा. चिठ्ठ्या टाकल्या. बाहेर मी. आत धारवाल्याची बहीण.

धारवाला दर सोमवारी सायकलला धार लावायचं चाक बसवून गल्लीत यायचा. माझ्या कात्र्या मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिल्या नाहीत. तो मला कात्रीमामा म्हणायचा. तो एकटाच.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी गल्लीतलं एक पोर दिसेना. पुलापलीकडच्यांनी नेलं, असं कुणीतरी म्हणालं आणि काठ्या निघाल्या. पोर संध्याकाळी मावशीच्या माळ्यावर झोपलेलं सापडलं. धारवाला गल्लीच्या टोकाच्या भिंतीपाशी मेलेला सापडला. बहीण दारोदार फिरली. "माझा भाऊ तुमच्याकडे आला होता का हो?" सगळ्यांचं उत्तर एकच. मीही म्हणालो, नाही बाई, मी झोपलो होतो. अजूनही ती वर्षातून एकदा येते, तेच विचारते आणि तेच ऐकून जाते.

त्या दिवसापासून दारावर टकटक झाली की माझा पाय आपोआप पायडलवर जातो. मशीन सुरू. गिऱ्हाइकं शिव्या घालून परत जायची, शेवटी बायकोने घंटी बसवली.

"चला काका, लाजू नका!" बाई म्हणाल्या.

"अरे, बायकांची मापं घेताना बोलतोस तेवढं तरी गोड बोल!" गल्लीतला औषधवाला ओरडला. सगळे हसले.

मी दार वाजवलं. काहीतरी बडबडून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. पण तोंडातून जे आलं ते माझं नव्हतं.

"कात्रीमामा, अहो मी. दार उघडा की. पाच मिनिटं बसतो नि जातो."

माझा हात आपोआप पुन्हा वर गेला.

"मामा, चाक बाहेरच टाकलंय, मला तेवढं आत घ्या. मशीन ऐकू येतंय. आहात तुम्ही आत."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा काका! किती मनापासून!"

दारामागून आवाज आला, अगदी हळू. "आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा बोलला नाही. नुसता दाराला टेकला. कडी हलली."

"तुम्ही काय करत होता?"

"मशीन चालवत होतो. सुईत दोराही नव्हता."

मग तिने विचारलं, "रडत होता?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती.

"नाही. पहिल्यांदा हसत होता. त्याला वाटलं, मी गंमत करतोय."

टाळ्या वाजवलेले बाईंचे हात अजून तसेच जोडलेले होते. "आपण... जरा पाणी पिऊया का?"

दार उघडलं. तिने हाणावं असं मला वाटत होतं. हाणलं असतं तर सुटलो असतो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ फळ्यापाशी गेली. 'आपण सारे एक' तळहाताने पुसलं, दोन रेघा ओढून गल्ली काढली, एक चौकोन काढून त्यात 'शिंपी' लिहिलं.

"कुठल्या बाजूनं आला?"

"औषधाच्या दुकानाकडून."

"ए, मला कशाला ओढतोस?" औषधवाला उठला. "मी तेव्हा झोप..."

"भाऊजी, बसा." माझी बायको उभी राहिली होती. नऊ वर्षांत आम्ही दोघांनी त्या दुपारबद्दल एक शब्द काढला नव्हता. "मी जिन्याच्या खिडकीत होते. तुमचं शटर अर्धं उघडं होतं. तो धावत आला नि ते पूर्ण खाली आलं. मग तो आमच्याकडे वळला." ती बहिणीकडे वळली. "दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा मी चार पायऱ्या उतरले होते. यांनी मला अडवलं नाही गं. मी आपण होऊन परत वर गेले."

बहिणीने दुसरा चौकोन काढला. औषधवाला तोंडावर हात ठेवून खाली बसला.

"त्याच्या आधी?" तिने विचारलं.

गल्लीत एकोणीस दारं आहेत. सोळा त्या हॉलमध्ये बसली होती. ती खडू घेऊन उभी राहिली, आणि आमच्यातलं कुणीही दाराकडे जाऊ शकलं नाही.