हराळीशी वैर

सर्जेरावांना गोल्फ येत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्याइतकी चांगली कुणालाच माहीत नव्हती. त्यांनी काठी उगारली की सोबतचे खेळाडू आधी झाडाआड व्हायचे आणि बॉल जायचा तो बहुतेक वेळा कुंपणापलीकडच्या तुरीत. चितेगावच्या पुढे, पैठण रस्त्याला कारखानदारांनी मिळून काढलेला हा छोटा क्लब. तिथे सर्जेरावांच्या खेळाची आतुरतेने वाट पाहणारा माणूस एकच, तो म्हणजे त्या तुरीचा मालक. त्याच्या नातवंडांना बॉलची कधी ददात पडली नाही.

पण माणसाला कशात तरी पुढे असावंसं वाटतंच. खेळ नाही तर नाही, सर्जेरावांनी शिष्टाचार धरला. दुसरा मारत असताना खोकायचं नाही. त्याच्या बॉलच्या वाटेवर पाय द्यायचा नाही. वाळूत शिरलं तर निघताना दाताळ्याने आपली पावलं पुसायची. आणि सगळ्यात थोर काम म्हणजे ग्रीनवरचे खळगे बुजवायचे.

ग्रीन म्हणजे झेंड्याच्या भोवतीचं अगदी बारीक कापलेलं, गालिच्यासारखं गवत. चैत्रात बाकीचं मैदान पिवळं पडलं तरी एवढ्या तुकड्याला पाणी पाजून जपतात. उंचावरून बॉल त्यावर आदळला की लिंबाएवढा खळगा पडतो. तो ज्याचा त्याने बुजवायचा असतो, आणि त्यासाठी दोन दातांचा एक छोटा काटा प्रत्येकाच्या खिशात असतो. सर्जेरावांचा काटा पितळी होता. त्यांचा स्वतःचा बॉल उंचावरून ग्रीनवर येण्याचा प्रसंग सहसा येत नसे, म्हणून ते इतरांचे खळगे बुजवत. गुडघे टेकून, मान तिरकी करून, देवपूजेला बसावं तसे. “सर्जेरावांसारखी तमीज पाहिजे,” असं क्लबाचे अध्यक्ष तात्यासाहेब चारचौघांत म्हणाले, त्या दिवशी सर्जेराव घरी जाईपर्यंत गाडीत एकटेच हसत होते.

त्यांना या क्लबात गेल्या दिवाळीला आणलं पुंडलिकने. मुकुंदवाडीतल्या एका पत्र्याच्या खोलीत दोघांनी मिळून इंजिनिअरिंग काढलं होतं. एकाच तव्यावर पोळ्या करपवल्या होत्या. पुढे सर्जेरावांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना टाकला, पुंडलिक वीज खात्यातून साहेब होऊन निवृत्त झाला. पहिल्याच दिवशी त्याने सर्जेरावांच्या हातात काटा दिला आणि खाली बसून दाखवायला लागला, “हे बघ सर्ज्या, कडंला टोचायचं आन्...”

“थांब थांब,” सर्जेरावांनी त्याला अडवलं. “मी शेतकऱ्याचं लेकरू हाय. मला गवत शिकवायलास व्हय?”

पुंडलिक हसला आणि उठला. शिक्षण तिथेच संपलं.

यंदा होळीनंतर ग्रीनवर डाग पडायला लागले. खळगा होता तिथे आठवड्याभरात गवत करपायचं आणि नाण्याएवढा तपकिरी डाग उरायचा. एक, दोन, मग जिकडे तिकडे. खत बदललं, पाणी तपासलं, औषध मारलं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की कुणीतरी मुद्दाम ग्रीन खराब करतंय. तात्यासाहेबांनी शिष्टाचार समिती नेमली आणि अध्यक्ष कोण, हे सांगायची गरजच पडली नाही.

सर्जेराव कामाला लागले. औरंगपुऱ्यातून भलाथोरला फलक छापून आणला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बुटांचे तळवे बघायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांना शाळेत असताना पाठ होती, पण म्हणी या दुसऱ्यांसाठी असतात असा त्यांचा समज होता. एक दिवस ते भल्या सकाळी क्लबात पोचले आणि गुन्हेगार त्यांना ग्रीनवरच सापडला. तो वाकून बसला होता आणि काहीतरी टोचत होता. तो पुंडलिक होता.

“काय करायलास रं?”

“काय नाय,” पुंडलिक चटकन उठला. “फिरायलो जरा.”

दुसऱ्या दिवशीही तो तसाच दिसला, आणि तिसऱ्या दिवशीही. ज्या ग्रीनवर डाग जास्त, नेमका तिथेच. सर्जेरावांना वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्यातही थोडी मजा होती. मैत्री एकीकडे आणि ग्रीन एकीकडे, असं स्वतःला ऐकवत त्यांनी तात्यासाहेबांना पुंडलिकचं नाव सांगितलं, आणि आपण किती निःपक्षपाती आहोत हे आरशात बघूनही घेतलं.

रविवारी सभा ठरली. पुंडलिकला क्लबातून काढायचं आणि मग सर्जेरावांनी सगळ्यांना खळगा बुजवायचं प्रात्यक्षिक दाखवायचं, असा बेत होता. पत्नी सुलेखा गेल्यापासून पुंडलिकची प्रत्येक सकाळ याच मैदानावर जायची. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. हे सर्जेरावांना ठाऊक होतं. पण नियम म्हणजे नियम.

प्रात्यक्षिकाची तालीम त्यांनी आठवडाभर घरच्या लॉनवर केली. शनिवारी संध्याकाळी त्यांची आई लक्ष्मीबाई गावाकडून आल्या होत्या. त्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर सर्जेरावांना चेव चढला. त्यांनी टाचेने लॉनवर खळगा पाडला, गुडघे टेकले, काटा खाली घातला आणि मनगटाला आपला खास हिसका देऊन तळ वर उचलला. मग वरून अलगद थोपटलं. जमीन कशी सपाट!

“झ्याक,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “हात मोडला नाय तुझा. बापाचा बी असाच हात हुता. हराळीचं एक मूळ मागं ठिवायचा नाय.”

“हराळी कुठली, माय? हे लॉन हाय.”

“लॉन मनं. मला हराळी वळखंना व्हय? जल्मभर खुरपली.” त्यांनी बशी खाली ठेवली. “पर एवढी माजू दिलीच कशाला? आन् निंदायचंच हाय तर धड सगळी निंद. असं एक-एक ठिपका काढून काय हुतंय?”

सर्जेराव हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी लॉनकडे नीट पाहिलं. सोमवारी जिथे तालीम केली होती तिथे नाण्याएवढा तपकिरी डाग होता. मंगळवारच्या जागी दुसरा. बुधवारची जागा आत्ताशी पिवळी पडत होती. त्यांनी नुकताच बुजवलेला खळगा बोटाने उचकला. गवताचा गड्डा हातात आला आणि खाली मुळं तुटून लोंबत होती.

ते तिथेच फतकल मारून बसले. ग्रीनवरचं गवतही याच जातीचं होतं. हराळीच्या नावाने त्यांच्या बापाने आयुष्यभर बोटं मोडली होती. आजाही तिच्याशी भांडतच गेला. पिढ्यान्‌पिढ्या या घराण्याच्या मनगटाला गवताची एकच विद्या अवगत होती, ती म्हणजे ते मुळासकट उपटायचं. शेतकऱ्याच्या पोराला गवत काढायचं कळतं, जपायचं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला कळलं नाही. आणि हा शहाणा रोज अंघोळ करून, इस्त्रीची पँट घालून, क्लबाची वर्गणी भरून खुरपणीला जात होता. तेही दुसऱ्यांच्या वाट्याची!

आता काय करायचं? सभेला जाताना गाडीत त्यांचं डोकं भराभर चाललं, आणि ते कुठल्या दिशेने चाललं होतं ते काही कौतुकाचं नव्हतं. गप्प बसायचं. प्रात्यक्षिकाला पाठदुखीचं निमित्त सांगायचं. खळगे बुजवणं सोडून द्यायचं. डाग आपोआप थांबतील आणि लोक म्हणतील, बघा, पुंडलिक गेला आणि ग्रीन सुधारलं. सगळं इतकं चपखल बसत होतं की सर्जेरावांना स्वतःचीच भीती वाटली.

सभेत पुंडलिक मागच्या खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर ठेवून. तात्यासाहेबांनी विचारलं, “पुंडलिकराव, तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाय,” पुंडलिक म्हणाला.

त्याचा तो ‘नाय’ ऐकवला नाही म्हणून सर्जेराव उभे राहिले. “हे डाग मी पाडलेत,” ते म्हणाले. “सगळे. पुंडलिकचा काही कसूर नाही.”

तात्यासाहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले. “याला म्हणतात खानदानी शिष्टाचार! मित्रासाठी माणसाने आळ अंगावर घेतला!” सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी मागून “वा सर्जेराव” म्हणालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! सर्जेराव घसा फोडून सांगत होते आणि जितकं सांगत होते तितके लोक भारावत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपली अब्रू घालवायला निघाले होते आणि तीही जाता जात नव्हती.

शेवटी ते चिडून बाहेर पडले आणि सरळ ग्रीनवर गेले. “या सगळे, प्रात्यक्षिक ठरलंय ना?” त्यांनी गुडघे टेकले, एका ताज्या खळग्यात काटा घातला आणि बापाचा तो हिसका दिला. मग दोन बोटांनी गड्डा उचलून तळहातावर घेतला आणि तुटलेली मुळं सगळ्यांना फिरवून दाखवली. “खड्डा बुजवायच्या नावाखाली मी इतके महिने हेच करतोय. माझी आई म्हणाली, छान निंदतोस.”

टाळ्या बंद पडल्या. पहिला हसला तो पुंडलिक, मोठ्याने, आणि मग अख्खा क्लब हसला. तात्यासाहेबांनी मघाशी डोळे पुसायला काढलेला रुमाल आता तोंडावर धरला. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, “मग पुंडलिकराव, तुम्ही सकाळी-सकाळी तिथे काय करत होता?”

“ह्याच्या मागनं फिरायचो,” पुंडलिक म्हणाला. “जिथं मूळ जित्तं घावलं, तिथं दाबून पाणी घालायचो. सगळी नाय वाचली.”

सभा तिथेच मोडली. लोक चहाला गेले. सर्जेराव गुडघ्यांवर तसेच बसून राहिले, कारण उठून कुणाकडे बघायचं हा प्रश्न होता. पुंडलिक शेजारी येऊन बसला. त्याने खिशातून स्वतःचा काटा काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट वरून घट्ट धरलं.

“कडंला टोच. आता आत ढकल. चहूकडनं. उचलू नको, सर्ज्या, उचलू नको.”

मनगट सवयीने वर जायला बघत होतं. पुंडलिक ते खाली दाबत होता.

“तुझं नाव मीच दिलं होतं,” सर्जेराव म्हणाले.

“ठावं हाय.”

“ठावं हाय तर सांगायचं होतंस सगळ्यांना. मला तरी सांगायचं!”

पुंडलिकने आणखी एकदा गवत आत दाबलं. “तुला खेळ येत नाय,” तो म्हणाला. “आजवर आला नाय, इथून पुढं येणार बी नाय. येवढं एक येतंय असं तुला वाटायचं. लई खुशीत बुजवायचास. तेबी तुझ्याकडनं काढून घ्यायचं माझ्यानं झालं नाय.”

सर्जेरावांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि लपवता आलंही नसतं, कारण दोन्ही हात कामात होते.

“हितं नको रडू,” पुंडलिक म्हणाला. “खाऱ्या पाण्यानं हराळी जळंल.”