पाचव्या वर्षाची पाळणी

आमशाने राखेत पाणी कालवून छातीवर पांढरे ठिपके काढायला घेतले, आणि दहा हात लांब उभी राहून भुरीबाई कुठला ठिपका वाकडा पडला ते सांगू लागली. जवळ यायची सोय नव्हती. होळी दोन दिवसांवर आली होती आणि तिचा नवरा बावा, म्हणजे नवसाने होळीत नाचणारा, झाला होता. बावाने पाच दिवस आंघोळ करायची नाही, खाटेवर बसायचं नाही, आपली भाकरी आपण थापायची आणि बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आमशाची भाकरी एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्ची. भुरीबाईला हसू आवरत नव्हतं.

हसायला कारणही होतं. हे पाचवं वर्ष, शेवटचं. तीन लेकरं पुरल्यावर त्यांना नानी नावाची मुलगी झाली आणि तिलाही दुसऱ्याच महिन्यात ताप चढला, तेव्हा आमशाने मानता घेतली होती: पोर जगली तर पाच होळ्या बावा होईन. नियमांची पाळणी मध्येच मोडली तर मागची सगळी वर्षं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि मानता फिटेपर्यंत पोर देवाची. त्याने परत नेली तर तक्रार कुणाकडे करणार?

उन्हं वर आली तेव्हा पायथ्याशी मोटार थांबली. तळोद्याचा दुकानदार रूपचंद दोन गोऱ्या पाहुण्यांना घेऊन चढ चढून आला. रूपचंद या घरात परका नव्हता. नानीच्या तापात कोयनेलचं औषध त्यानेच आणून दिलं होतं. भुरीबाई त्याला भाऊ म्हणायची, नानी मामा म्हणायची.

पाहुणे, म्हणजे साहेब आणि त्याची मड्डम, परवा आगबोटीतून मुंबईला उतरले होते. हिंदुस्थान बघायचा त्यांचा हा पहिलाच दिवस. साहेबाची कलेक्टरशी ओळख होती आणि दिवस चांगला गेला तर तो रूपचंदसाठी शिफारशीची चिठ्ठी देणार होता. रूपचंदला तळोदा-नंदुरबार मोटार चालवायचा परवाना हवा होता. दोन वर्षं अर्ज करून त्याच्या चपला झिजल्या होत्या.

मड्डम बिचारी भली होती. उंबऱ्याशी थांबून तिने विचारलं, बूट काढू का? पोरीला उचलून घेऊ का? प्रत्येक वेळी ती रूपचंदकडे बघायची, त्याने मान हलवली की मगच पुढचं करायची. एवढं विचारून वागणारं माणूस भुरीबाईने तालुक्यात पाहिलं नव्हतं.

साहेबाने कॅमेरा लावला. आमशा मोरपिसांचा टोप घालून, कमरेला घुंगरू बांधून उभा राहिला. मड्डम त्याच्यापासून हातभर लांब. साहेबाला ते पटेना, तो हाताने जवळ सरका म्हणत राहिला. मड्डमने रूपचंदला काहीतरी विचारलं आणि आमशाच्या हाताकडे बोट केलं. रूपचंदने साहेबाकडे पाहिलं. मग त्याने मान हलवली.

तिने आमशाचा हात हातात घेतला. कॅमेरा खटकन वाजला.

आमशाने हात ओढून घेतला नाही. तिने सोडल्यावर तो तिथेच मातीत बसला. मड्डम गडबडली. रूपचंद घाईघाईने मध्ये आला. आमशाला म्हणाला, मी सांगितलं होतं तिला, ती विसरली. मग मड्डमकडे वळून इंग्रजीत म्हणाला, मोठ्या मानाने भारावून गेलाय तो.

भुरीबाईचा त्याच्या दोन्ही भाषांवर विश्वास बसेना. ती सरळ मड्डमपुढे गेली. तिच्या हाताकडे बोट दाखवलं, आमशाच्या हाताकडे दाखवलं, आणि जोराने मान नाही-नाही अशी हलवली. मग नानीला पुढे ओढून डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली.

मड्डमला उमगलं. तिने आपल्या ओठांवर बोट टेकवलं, म्हणजे मी विचारलं होतं. मग तेच बोट रूपचंदकडे केलं, आणि त्याने हलवली होती तशीच, हळू, एकदाच, मान हलवून दाखवली.

आमशाने ते पाहिलं. तो रूपचंदकडे वळला.

"मानता लिधी तवय तू मन्हाजोडे बठेल व्हता," तो म्हणाला. मानता घेताना रूपचंद खरोखरच त्याच्या शेजारी बसला होता.

रूपचंद म्हणाला, होळीच्या देवाला का एवढं कळत नाही? पुढच्या वर्षी कुणालाच आणणार नाही मी. आमशा कमरेची घुंगरं सोडू लागला. गाठ सुटेना. पाच वर्षांत पहिल्यांदा भुरीबाई होळीआधी त्याच्याजवळ गेली आणि तिने गाठ सोडून दिली. आता काय राहिलं होतं पाळायचं?

नानी मामाच्या खिशातला गूळ घ्यायला धावली. भुरीबाईने तिचं मनगट धरलं.

"शेठ," ती म्हणाली, "तुमना पाव्हणासले ली जा. ऊन व्हयनं."

आजवर त्या घरात त्याला कुणी शेठ म्हटलं नव्हतं, की पाहुण्यांना घेऊन जा असं सांगितलं नव्हतं. रूपचंद उतारावरून मागे न बघता उतरला.

मोटारीत साहेब खुशीत होता, चिठ्ठी आज संध्याकाळीच देतो म्हणाला. रस्ता सपाटीला लागल्यावर मड्डमने विचारलं, ती बाई शेवटी काय म्हणाली?

"पुन्हा या, म्हणाली," रूपचंदने सांगितलं.

मड्डमने काच खाली केली आणि बाहेर बघत बसली. उत्तर तिला त्या बाईच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. तो काय सांगतो, एवढंच तिला ऐकायचं होतं.